पणतीचा परदेशप्रवास

अलीकडे दूरदूरच्या देशांतील धर्मग्रामे व सेवामंडळे एकमेकांशी भगिनीभावाचे नाते जोडतात. इकडील चार माणसे तिकडे जातात आणि तेथील स्वयंसेवकांनी चालविलेली अन्नछत्रे, वृद्धांची शुश्रूषा, मुलांचे अभ्यासवर्ग पाहून येतात. उद्या इंदूरजवळच्या हातोदसारख्या गावातून कोणी अशा भेटीस निघाले, तर त्याच्या मनात पहिला विचार कोणता येईल? ‘तेथे सर्व काही आहे, आपण खेड्यातली माणसे त्यांना काय देणार?’ हा संकोच दूर व्हावा म्हणून आम्ही आज एक खरी हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हातोदच्या घराघरांत अहिल्याबाई होळकरांचे नाव परिचित आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यात आहे. तो जिल्हा पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखला जाई. आता त्यास अहिल्यानगर म्हणतात. मुलूख अवर्षणाचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य अमेरिकेतील शिक्षण संपवून येथे आले. एखाद्या मोठ्या शहरात त्यांना सुखाने राहता आले असते; पण त्यांनी जामखेड निवडले.

खेडोपाडी परिचारिका ठेवाव्यात, असा प्रथम बेत होता. परंतु परक्या गावी एकट्या स्त्रीने राहणे कठीण, आणि गावकऱ्यांनाही ती परकीच वाटे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. निवडलेल्या बायकांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित समाजातील होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्यास त्या जामखेडला जमत, एका पंक्तीस जेवत आणि शिकत. बाळंतपण स्वच्छतेने कसे करावे, गरोदर स्त्रीची काळजी कशी घ्यावी, हे त्या शिकल्या. जुलाब लागलेल्या मुलासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा व मिठाचा अर्धा, असे लहान सपाट चमचे घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे, हेही त्यांना समजले. असे ज्ञान देण्यास पैसा लागत नाही, आणि दिल्याने ते कमीही होत नाही.

त्याचे फळ पाहा. १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टन येथे आरोग्यविषयक परिषदेस गेल्या. समोर अनेक देशांतील विद्वान, वर झगमगणारी झुंबरे. मुक्ताबाईंनी झुंबरांची मनापासून स्तुती केली. मग पिशवीतून दोन साध्या वातीचे दिवे काढून त्यांतला एक पेटविला. डॉक्टर हे त्या झुंबरांसारखे. सुंदर, पण महाग आणि गरिबाच्या हाती न लागणारे. आपण या लहान दिव्यासारख्या. परंतु हा दिवा दुसऱ्यास पेटवू शकतो, आणि ते झुंबराला साधत नाही. इतके सांगून त्यांनी पहिल्या दिव्याने दुसरा लावून दाखविला.

मुक्ताबाई तेथे काही मागावयास गेल्या नव्हत्या. त्या द्यावयास गेल्या होत्या. आजही देशोदेशींचे विद्यार्थी जामखेडला शिकावयास येतात आणि खेड्यातील या बायकांपुढे बसतात. खरी भागीदारी ती हीच, असे आम्हांस वाटते. जेथे एकाचा हात सदा वर व दुसऱ्याचा सदा खाली असतो, तेथे दान असेल; पण मैत्री नसते.

म्हणून ज्यांना परदेशी अशा भेटीची संधी मिळेल, त्यांनी केवळ इमारती पाहून परतू नये. हे काम कोणाच्या हातांनी चालते? काम करणाऱ्यांस कोणी निवडले? गावातील सर्वांत गरीब घरापर्यंत ते पोहोचते काय? पाहुणे गेल्यावर उद्या सकाळी दार कोण उघडणार? हे प्रश्न अवश्य विचारावेत. आणि यजमानांनी आपल्या गावाविषयी विचारले, तर संकोच न करता सांगावे: अडल्यानडलेल्या शेजारणीसाठी रात्री उठणारी बाई आमच्याकडेही आहे. तिच्याजवळ पणतीएवढाच प्रकाश असेल. पण दुसरी पणती लावावयास तेवढा पुरतो.