पाण्याखालचा कॅमेरा आणि कस्टमचा कागद

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग सुरू झाल्यापासून आमच्या कोकणी बिरादरीतली काही मुले पाण्याखालच्या फोटोग्राफीच्या धंद्यात उतरली आहेत. त्यांना आता मालदीव, श्रीलंका, थायलंडहून बोलावणी येतात. धंदा नवा असला तरी कस्टमचा दरवाजा तोच, जेथून आम्ही कापडवाले नमुन्यांच्या पेट्या घेऊन वर्षानुवर्षे ये-जा करतो.

या मुलांचा संच म्हणजे नुसता कॅमेरा नव्हे. त्यावर चढविण्याची जलरोधक पेटी, जिला हे लोक हाउसिंग म्हणतात, ती कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग पडते. शिवाय काचेचा घुमट, दोन फ्लॅश, ते धरणारे लोखंडी हातासारखे दांडे. एक्स-रेमध्ये हा सारा मामला चमत्कारिकच दिसतो. अधिकारी पेटी उघडायला लावतो, त्यात त्याचा दोष नाही.

पण खरी परीक्षा परतताना मुंबईत. हा माल येथूनच गेला होता, हे सिद्ध करायचे प्रवाशाने. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने बिल पुढे केले. ते दुबईच्या दुकानाचे निघाले. बिलावरून माल कोणी घेतला ते कळते, भारतातून कधी बाहेर गेला ते कळत नाही. अखेर ड्यूटी भरावी लागली आणि महिनाभराची मेहनत त्यात गेली.

याला इलाज म्हणजे जातानाच विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेणे. अधिकारी वस्तू डोळ्यांनी पाहून मॉडेल व सीरियल नंबर लिहितो. म्हणून बॅग एअरलाइनच्या ताब्यात देण्यापूर्वीच हे काम उरकावे. सामान बेल्टवर गेले, मग दाखविणार काय? हाउसिंगचा नंबर वेगळा असतो, तोही लिहून घ्यावा.

"आमचे तर हत्यार आहे, सूट मिळेलच," असे काहीजण म्हणतात. 1998 च्या बॅगेज नियमांत परदेशातून परतणाऱ्या सुतार, गवंडी, प्लंबर, वेल्डर यांच्या हत्यारांना सवलत होती. कॅमेरा मात्र त्यातून नाव घेऊन वगळला होता. 2016 च्या नियमांनी साधारण प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंत सूट ठेवली. चांगल्या हाउसिंगपुढे ही रक्कम ती किती!

मोठे काम असेल तर एटीए कार्नेट आहे. आपल्याकडे तो फिक्की देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि जामिनाची रक्कम गुंतते. श्रीलंका व थायलंड तो मानतात. त्यात लिहिलेली प्रत्येक वस्तू परत आलीच पाहिजे, आणि प्रत्येक नाक्यावर शिक्का हवा. एक शिक्का राहिला तरी ड्यूटीची मागणी मागाहून घरी येते. विकायचा माल यात चालत नाही, हे प्रदर्शनाला जाणाऱ्या आमच्या कापडवाल्यांनीही ध्यानात ठेवावे.

फ्लॅशच्या सुट्या लिथियम बॅटऱ्यांचा कस्टमशी संबंध नाही, पण अडवणूक त्याच इमारतीत होते. त्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात. 100 वॅट-अवरच्या वर असतील तर एअरलाइनला आधी विचारावे. आणि सामानाच्या यादीच्या तीन प्रती कराव्यात: एक पेटीत, एक खिशात, एक घरी.