गॅरेजला नेली की चालू, घरी आणली की बंद! सेकंडहँड गाडीतला लूज कॉन्टॅक्ट शोधायचा कसा?

सेल्फ मारला की कधी गाडी लगेच सुरू होते, कधी नुसता 'टक' आवाज येतो. चालत्या गाडीत मीटरचे दिवे क्षणभर जातात आणि परत येतात. मेकॅनिककडे नेली की मात्र सगळं सुरळीत असतं. मग 'बॅटरी बदलून बघू' असं ठरतं, नंतर सेल्फ, नंतर डायनामो. हजारो रुपये जातात, दोष तिथेच राहतो.

मिरज-सांगली भागात सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर हा विषय नीट समजून घ्यायला हवा. कारण इथल्या काही गाड्यांनी कृष्णेचं पाणी पाहिलेलं आहे.

दोष येतो-जातो तो का?

एखादा पार्ट पूर्ण जळाला तर तो सहसा कायमचा बंद पडतो. अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीत पार्टपेक्षा जोडावर आधी संशय घ्यावा. म्हणजे बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, फ्यूज, रिले किंवा वायरीचा कपलर. गाडी हादरली, इंजिन तापलं किंवा हवेत ओल आली, की सैल किंवा गंजलेला जोड सुटतो आणि पुन्हा जुळतो. गॅरेजपर्यंत जाताना तो जुळला, तर मेकॅनिकला दोष दिसतच नाही.

'हेडलाइट लागतोय, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक' हा समजही फसवा आहे. समजा, अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे. दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर करंट घेतात. त्या जोडात ०.२ व्होल्टच कमी होतात, त्यामुळे दिव्यांत फरक कळत नाही. छोट्या कारचा सेल्फ मात्र १५० अँपिअरपर्यंत करंट ओढतो. तिथे त्याच जोडात ३ व्होल्ट वाया जातात आणि सेल्फ फिरत नाही. दोष एकच, पण दिवे चालू आणि गाडी बंद.

पुराचा इथे काय संबंध?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्याच महिन्यात चिपळूणही बुडालं. या पुरांत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या.

पुराच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात. गाडी बाहेरून धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण कपलरमध्ये शिरलेलं पाणी तिथेच राहतं. वायरीच्या आत तांब्याच्या बारीक तारांमधून ते पुढेही सरकतं. तांब्यावर हिरवट थर चढायला महिने लागतात. म्हणून घेताना चांगली वाटलेली गाडी पुढच्या पावसाळ्यात त्रास देऊ लागते.

घेण्यापूर्वी काय तपासायचं?

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाचे डाग असतील तर पाणी आत शिरलं होतं असं समजा. मॅटिंग उचलून सीटचे बोल्ट, डिकीतली स्टेपनीची जागा आणि फ्यूज बॉक्स बघा. तिथे गाळ, गंज किंवा कुबट वास असेल तर सावध व्हा.

नुसत्या नंबर प्लेटवरून निष्कर्ष काढू नका. एमएच १० म्हणजे सांगलीत नोंद झालेली गाडी, पण पुराच्या वेळी ती कुठे उभी होती हे नंबरावरून कळत नाही. त्यापेक्षा मालकाकडे जुन्या विमा पॉलिसी मागा. क्लेम न करणाऱ्या मालकाला 'नो क्लेम बोनस' मिळतो आणि तो वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. त्याच मालकाचा बोनस पुराच्या वर्षानंतर अचानक शून्य झाला असेल, तर कशाचा क्लेम घेतला होता हे विचारायलाच हवं. सर्व्हिसची जुनी बिलंही मागा.

गाडी घेऊन झाली असेल तर?

पहिलं काम म्हणजे नोंद ठेवणं. गाडी कधी बंद पडली? सकाळी थंड असताना की तापल्यावर? पावसात की खड्ड्यात? त्या वेळी दिवे, हॉर्न चालू होते का? शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. 'कधीकधी बंद पडते' यापेक्षा 'अर्धा तास चालवून थांबवली की सेल्फ घेत नाही' ही माहिती ऑटो इलेक्ट्रिशियनच्या जास्त कामाची असते.

दुसरं, पार्ट बदलण्याआधी मोजमाप करायला सांगा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ असतो. त्यानंतर मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर बॅटरीऐवजी अर्थिंगचे जोड आधी साफ करून घट्ट करा.

तिसरं, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा आणि एकेक कपलर हलक्या हाताने हलवून बघा. हलवताना दिवा मिणमिणला की जागा सापडली. जादा हॉर्न, एलईडी, म्युझिक सिस्टीम अशा गोष्टी बाहेरून बसवल्या असतील तर त्यांचे जोड सगळ्यात आधी तपासा. मूळ वायर सोलून टेप गुंडाळलेला जोड कधीही दगा देऊ शकतो.

काय करू नये?

फ्यूज सारखा उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज किंवा तार लावू नका. वायर वाचवण्यासाठी फ्यूज जळतो. तो जळला नाही तर वायर तापते आणि गाडीला आग लागू शकते. चालत्या गाडीत दिवे किंवा इंजिन अचानक बंद होत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती रात्री आणि हायवेवर चालवू नका.

फसवणूक झाली असेल तर?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनी आरटीओकडून अधिकृत परवानगी घेणं बंधनकारक आहे. व्यवहाराआधी ती दाखवायला सांगा. 'गाडी पुरात सापडलेली नाही' असं डीलरकडून लेखी घ्या. त्याने दोष लपवून गाडी विकली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. तेव्हा हाच कागद, बिलं आणि काढलेले व्हिडिओ उपयोगी पडतात.