निवडपरीक्षा, तुकडी आणि शाखा

आंबिया बहाराची संत्री मंडईत येऊ लागली आणि कापसाची पहिली वेचणी आटोपली, की पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत पालकांच्या बोलण्यास एक नवा विषय मिळतो. भावाची चौकशी झाल्यावर दुसरा प्रश्न येतो तो असा : "मुलाचा नवोदयचा फॉर्म भरला काय?" नववीत आलेल्या मुलाचे पालक उत्कृष्ट विद्यालयाची गोष्ट काढतात, आणि दहावी झालेल्याचे पालक गणित घ्यावे की जीवशास्त्र, या विवंचनेत असतात. पालकसभेतही प्रगतिपुस्तकापेक्षा याच गोष्टी अधिक चर्चिल्या जातात. ही चर्चा पुष्कळदा अपुऱ्या माहितीवर चालते, व त्या अपुरेपणाची किंमत मुलांस मोजावी लागते. म्हणून या वर्षीच्या अंकात या विषयाची थोडी उकल करावी, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम नवोदय विद्यालयाविषयी. ही योजना १९८५-८६ साली सुरू झाली, आणि तिची पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर येथे व आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात निघाली. खेड्यातील हुशार मुलास पैशाअभावी चांगले शिक्षण अंतरू नये, हा तिचा मूळ हेतू. तेथे राहणे, जेवण, गणवेश व पुस्तके विनामूल्य मिळतात. प्रवेश सहावीत होतो, आणि एका विद्यालयात त्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. त्यांपैकी निदान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागातील मुलांच्या असतात. उरलेल्या जागांसाठी ग्रामीण व शहरी अशी दोन्हीकडची मुले गुणानुक्रमे विचारात घेतली जातात. एकूण जागांपैकी निदान एकतृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय यांचे आरक्षण निराळे आहेच.

आता ज्या नियमावर पुष्कळ घरे फसतात, तो पाहू. ग्रामीण जागेवर हक्क सांगण्यासाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच काढलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत तो एक दिवस जरी शहरी हद्दीतील शाळेच्या पटावर असला, तरी तो शहरी उमेदवार गणला जातो. पांढुर्णा व सौंसर ही दोन्ही नगरपालिकेची गावे. खेड्यातला एखादा शेतकरी मुलाचे भले व्हावे म्हणून चौथीत त्याचे नाव गावातील शाळेतून काढून शहरातील शाळेत घालतो, रोज बसचे भाडे सोसतो, आणि ज्या ६० जागा अशाच मुलांसाठी राखलेल्या असतात त्यांतून त्याला अजाणता बाहेर काढतो. मूल तेच, घर तेच, शेतही तेच. केवळ शाळेच्या दाखल्यावरील गावाचे नाव बदलले. हा नियम कठोर आहे असे कोणास वाटेल. आम्हांस तो योग्य वाटतो. कारण तो नसता, तर शहरातील मुलांनी खेड्यातील नातेवाइकाचा पत्ता दाखवून त्या जागा केव्हाच भरून टाकल्या असत्या. मात्र तो मूल दुसरीत असतानाच घरोघर समजावयास हवा. पाचवीत फॉर्म भरताना समजून काय उपयोग? आणखी एक गोष्ट अशी की, ही परीक्षा एकदाच देता येते. नापास झालो तर पुढील वर्षी पुन्हा बसू, ही सोय येथे नाही. पाचवी ज्या जिल्ह्यात चालू असेल त्याच जिल्ह्यासाठी अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व हे दोन्ही तालुके त्यात आले. तेव्हा अर्जावर जिल्हा व विकासखंड लिहिताना त्या वर्षीचे माहितीपत्रक समोर ठेवावे.

परीक्षा दोन तासांची, १०० गुणांची. प्रश्न ८०, म्हणजे एका प्रश्नास सव्वा गुण. गणिताचे २० व भाषेचे २० प्रश्न असतात. बाकीचे ४० प्रश्न बौद्धिक कसोटीचे असतात. या शेवटच्या भागात अक्षर नसतेच, असतात त्या आकृत्या. चार आकृत्यांतील वेगळी कोणती, आरशात ही आकृती कशी दिसेल, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धर्तीचे ते प्रश्न. वाचकांच्या लक्षात आले असेल की, निम्मे गुण शाळेत कधीही न शिकविलेल्या गोष्टीस आहेत. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत त्याचीही चलाख बुद्धी दिसून यावी, हा त्यामागील विचार. विचार उत्तम, परंतु व्यवहारात अशा आकृत्या सरावाने सुटू लागतात, आणि सराव विकत मिळू लागला की तो ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्याकडे आधी जातो. तरीही निराश होण्याचे कारण नाही. जुने कागद, कात्री आणि एक आरसा एवढ्या साहित्यावर घरची वडील भावंडे धाकट्यांस हे सर्व शिकवू शकतात. चुकलेल्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, हेही मुलांस सांगून ठेवावे. प्रश्न कोरा सोडणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

मराठी घरांसाठी भाषेचा प्रश्न यात मिसळलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपली मुले घरी मराठी व कचेरीत हिंदी अशी दुहेरी वाट चालत आली आहेत. नवोदयात खालच्या वर्गांचे शिक्षण मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून, आणि पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रे हिंदीतून अशी पद्धत आहे. मध्य प्रदेशातील विद्यालयात ही प्रादेशिक भाषा हिंदी होय. मराठी माध्यमाच्या मुलास म्हणून पहिले काही महिने जड जातात. ती त्याच्या बुद्धीची उणीव नव्हे. नववीच्या काही मुलांस एक वर्ष हिंदी भाषिक प्रदेशातून अहिंदी प्रदेशात पाठविण्याची या विद्यालयांची योजना आहे. तिचे नाव निघाले की आया घाबरतात. आम्हांस मात्र त्या योजनेचे कौतुक वाटते.

जो निवडला गेला त्याचे अभिनंदन सगळे गाव करते. न निवडली गेलेली मुले त्याहून कितीतरी अधिक, आणि ती सहावीत आमच्यासारख्या शाळांत येतात. येथे तुकडीचा प्रश्न उभा राहतो. गुणांप्रमाणे मुले लावून वरची 'अ' तुकडीत व खालची 'क' तुकडीत घालावी काय? पुष्कळ पालक 'अ' साठी आग्रह धरतात; त्यांचे म्हणणे असे की, हुशार मुलांत मूल हुशार होते. इंग्लंडने १९४४ च्या कायद्यानंतर हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन काही मुले ग्रामर स्कूलमध्ये व बहुसंख्य मुले दुसऱ्या शाळांत घातली जात. एका परीक्षेवर आयुष्याची दिशा ठरू लागली, तशी नाराजी वाढली, आणि १९६५ साली तेथील सरकारने सर्वांस एकत्र शिकविणाऱ्या शाळा काढण्यास स्थानिक संस्थांस सांगितले. केंटसारख्या काही परगण्यांत ती परीक्षा आजही आहे. उलट केनियात १२१ प्राथमिक शाळांत झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वीच्या गुणांवरून दोन तुकड्या केल्यावर वरच्या व खालच्या दोन्ही तुकड्यांतील मुलांची प्रगती अधिक झाली असे आढळले. कारण असे दिसले की, खालच्या तुकडीचा शिक्षक त्या मुलांच्या पायरीवर उतरून शिकवू लागला.

या दोन उदाहरणांत विरोध नाही. तुकडी केल्याने मूल सुधारत नाही; त्या तुकडीत काय व कसे शिकविले जाते त्याने सुधारते. चांगला शिक्षक 'अ' ला आणि नवखा 'क' ला, अशी वाटणी जेथे होते तेथे 'क' ची मुले वर्षागणिक मागे पडतात. शिवाय ६१ गुणांचा एक व ५९ गुणांचा दुसरा यांत त्या दिवशीच्या तापाएवढेही अंतर नसते. एकाच वर्गातील दोन मुलांत दहा-अकरा महिन्यांचा फरक असतो, आणि दहा वर्षांच्या वयात एवढ्या फरकाने धिटाई बदलते. वाचन व गणितासाठी दिवसातील एखादा तास पायरीप्रमाणे गट करावे, बाकीचा दिवस सर्वांनी एकत्र बसावे, आणि गट दर तिमाहीस बदलावे, असे आमचे मत आहे. मूल 'क' मध्ये असेल तर त्याच्या पालकांनी तुकडी बदलून मागण्याआधी तेथे गणित कोण शिकवितो हे विचारावे.

नववीत जिल्ह्याच्या उत्कृष्ट विद्यालयासाठी राज्याची प्रवेशपरीक्षा असते. नवोदयातही नववी व अकरावीस रिकाम्या जागा भरल्या जातात. पाचवीत हुकलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अकरावीत शाखा निवडताना मात्र दारे खरोखर बंद होतात. गणित समूह घेतला तर अभियांत्रिकी, जीवशास्त्र घेतले तर वैद्यक. वेगळा विषय घेऊन परत फिरता आले तरी त्यात वर्ष जाते. वाणिज्य व कला आहेतच. आपल्या मंडळात कृषी ही शाखाही आहे, आणि ती गुण कमी पडले म्हणून नाइलाजाने घ्यावयाची शाखा, असा समज येथे रूढ आहे. ज्या तालुक्यांचे पोट संत्र्याच्या बागांवर चालते तेथे हा समज विचित्रच म्हणावा लागेल. नागपुरास लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, जबलपुरास १९६४ पासून कृषी विश्वविद्यालय आहे, आणि तेथील पदवीसाठी कृषी, जीवशास्त्र व गणित या तिन्ही शाखांची मुले प्रवेशपरीक्षा देऊ शकतात.

नागपूर जवळ, म्हणून दहावीनंतर मुलास तेथे धाडण्याचीही रीत पडली आहे. शिकवणी चांगली मिळते, भाषाही आपली. पण वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी सामान्यतः दहावी व बारावी दोन्ही त्याच राज्यातील आणि अधिवासही तेथीलच लागतो. दहावी पांढुर्ण्यात व बारावी नागपुरात केलेल्या मुलास म्हणून मध्य प्रदेशाच्याच कोट्यातून प्रयत्न करावा लागतो, आणि त्यासाठी मूलनिवासी प्रमाणपत्र हाती असावे लागते. ते तहसील कचेरीच्या लोकसेवा केंद्रातून मिळते. मुलाने गाव सोडण्यापूर्वीच ते काढून ठेवावे. पुढे प्रवेशाच्या गर्दीत त्यासाठी नागपूरहून धावत येणारी मुले दर उन्हाळ्यात दिसतात.