कमी चाललेली गाडी

खंडेनवमीच्या सकाळी बेळगावातील बहुतेक घरांसमोर एकच दृश्य दिसते. गाडी धुऊन-पुसून उभी केलेली असते. बॉनेटवर हळदकुंकू, पुढे झेंडूचा हार आणि चाकांखाली लिंबे. आम्ही डॉक्टर मंडळीही यात मागे नसतो. स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाच्या यंत्राबरोबर गाडीचीही पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्या बॉनेटला सहसा कोणी हात लावत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही लावत नसे.

वैद्यकीय विषय सोडून काहीतरी लिहा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा हाच विषय मनात आला. मी वाहनशास्त्राचा जाणकार नाही. तीस-पस्तीस वर्षे रुग्ण तपासणारा एक फिजिशियन आहे. गाडीच्या निगेविषयी मला जे थोडेफार समजले ते स्वतःच्या चुकीतून समजले. ती चूक आपल्यापैकी अनेकजण आज करीत असावेत अशी शंका असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

घाटातील तो प्रसंग

माझी गाडी २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी. घर टिळकवाडीत, दवाखाना शहापुरात आणि संध्याकाळी एक-दोन नर्सिंग होममधील राउंड. दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर. त्यामुळे सहा वर्षे झाली तरी काटा अठ्ठावीस हजारांवरच होता. ‘आमची गाडी अजून नवीच आहे’ असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये एका लग्नासाठी आम्ही गोव्याला निघालो. सोबत पत्नी, ब्याऐंशी वर्षांची आई आणि मागे ठासून भरलेले सामान. जांबोटी, कणकुंबी मागे पडले आणि चोर्ला घाटाचा उतार सुरू झाला. मी गाडी चौथ्या गियरमध्येच ठेवून, पाय ब्रेकवरून न उचलता उतरत होतो. तीन-चार वळणांनंतर काहीतरी जळल्यासारखा वास आला. तो बाहेरचा असावा असे समजून मी काच वर केली. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला आणि पेडल कोणताही विरोध न करता खाली, थेट तळाला जाऊन टेकले.

त्या क्षणी काय वाटले ते सांगता येणार नाही. हातांनी मात्र आपले काम केले. गाडी तिसऱ्या गियरमध्ये घेतली, मग दुसऱ्या. इंजिन ओरडले, वेग थोडा कमी झाला. हँडब्रेक हळूहळू ओढला. डाव्या हाताला डोंगराच्या कडेने रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. त्यात गाडीचे तोंड घातले आणि आम्ही थांबलो. मागे झोपलेली आई जागी झाली. “आलं का रे सांखळी?” तिने विचारले. आम्हा दोघांनाही उत्तर देता आले नाही.

मागून येणाऱ्या एका ट्रकचा चालक उतरून आला. त्याने पेडल दाबून पाहिले, चाकाजवळ वाकून वास घेतला आणि एकच वाक्य सांगितले, “साहेब, ज्या गियरमध्ये घाट चढता, त्याच गियरमध्ये उतरायचं असतं.” अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखे टणक झाले. जणू काही झालेच नव्हते! लक्षणे येतात आणि जातात, रुग्ण तपासायला येतो तेव्हा नेमका ठणठणीत असतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. त्यामुळे मी त्या टणक पेडलवर विश्वास ठेवला नाही. कुटुंबीयांना दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवले आणि गाडी टो करून परत आणवली.

मिस्त्रींनी दाखवलेले बिल

उद्यमबागेतील आमचे मिस्त्री फार बोलणारे नव्हेत. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले आणि आतील द्रव काचेच्या बाटलीत काढून दाखवला. नवे ब्रेक ऑइल फिकट मधासारखे असते. माझे कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. नंतर त्यांनी गल्ल्याखालून जुनी बिलांची फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या एका बिलावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते : ‘ब्रेक ऑइल बदलणे’. त्यावर काट मारून शेजारी माझ्या अक्षरात लिहिले होते : ‘पुढच्या वेळी’.

त्या कामाचा खर्च त्यावेळी माझ्या दोन-तीन रुग्णांच्या तपासणी फीइतका होता.

“पण मिस्त्री, गाडी चाललीच कुठे आहे?” मी विचारले. त्यावर ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गाडी उभी राहिली म्हणून म्हातारी व्हायची थांबतेय होय?”

हे एक वाक्य समजावे एवढ्यासाठीच हा सारा लेख आहे.

किलोमीटर आणि कॅलेंडर

गाडीचे वय आपण किलोमीटरमध्ये मोजतो. परंतु तिचे अनेक भाग किलोमीटरने नव्हे, तर कॅलेंडरने म्हातारे होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आपल्या भागातील पावसाळा पाहता त्याला ओलाव्याची ददात नाही. नव्या ‘डॉट ४’ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ‘डॉट ३’ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाटात सतत ब्रेक दाबल्याने उष्णता वाढली की हे ऑइल उकळते व त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जाते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल टणक लागते. गावातील रस्त्यावर हा दोष वर्षानुवर्षे कळत नाही. बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे लागते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत नेमकी मुदत दिलेली असते.

टायरचेही तसेच. नक्षी शाबूत दिसली तरी रबर उन्हाने आणि काळाने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षीच्या खाचांत मध्येमध्ये लहान उंचवटे असतात. त्यांच्या पातळीपर्यंत टायर झिजला, म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटरच उरली, की तो बदलायलाच हवा. ओल्या रस्त्यासाठी त्याच्या आधी बदललेला बरा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत. स्टेपनीचे वयही पाहावे. ती न वापरता म्हातारी होते.

आपल्या व्यवसायाचा आणखी एक दोष असा की आपले प्रवास फार छोटे असतात. घर ते दवाखाना या दीड-दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरते तापतही नाही. थंड इंजिनात तयार झालेला ओलावा आणि न जळलेले इंधन इंजिन ऑइलमध्ये उतरते. लांब प्रवासात ते उडून जाते, छोट्या प्रवासात साठत राहते. म्हणूनच कंपन्या ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ अशा शब्दांत मुदत देतात. आपण पहिला अर्धा भाग वाचतो. आपल्यासाठी दुसरा अर्धा भाग लिहिलेला असतो.

बॅटरीही छोट्या प्रवासात पूर्ण भरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हे अनेकांना शिकवले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सकाळी स्टार्टर रेंगाळू लागला तर तो इशारा समजावा. रात्री दोन वाजता नर्सिंग होममधून फोन आल्यावर गाडीने फक्त ‘टक्’ असा आवाज करावा, यापेक्षा वाईट वेळ कोणती? बीएस-६ डिझेल गाडी असणाऱ्यांनी तर आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग वेगाने गाडी न्यावी. नाहीतर धुराची काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो.

दहा मिनिटांचा राउंड

रुग्णाची नाडी, तापमान, रक्तदाब पाहायला आपल्याला फार वेळ लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी सकाळी गाडी थंड असताना पुढील राउंड घ्यावा.

१. इंजिन ऑइल : गाडी सपाट जागी, इंजिन बंद. पट्टी काढून पुसावी, पुन्हा आत घालून काढावी. तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरणेही वाईटच.

२. कूलंट : पांढऱ्या टाकीतील पातळी बाहेरूनच दिसते. वारंवार कमी होत असेल तर गळती शोधावी. बोअरचे पाणी ओतू नये. गरम इंजिनावरचे झाकण कधीही उघडू नये. शिटी न काढता कुकर उघडण्यासारखेच ते आहे. भाजलेले चेहरे आपण पाहिलेले आहेत.

३. ब्रेक ऑइल : पातळी आणि रंग.

४. हवा : टायर थंड असताना तपासावी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर लिहिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असू शकतो. पंपावरील मुलाला ‘नेहमीइतकी’ असे सांगू नये, आकडा सांगावा. स्टेपनी विसरू नये.

५. सर्व दिवे, ब्रेकचे दिवेसुद्धा. भिंतीजवळ गाडी मागे घेऊन ब्रेक दाबला तर लाल उजेड भिंतीवर दिसतो.

६. बॉनेटखाली उंदरांच्या खुणा : लेंड्या, कुरतडलेला कापूस, खरडलेली वायर. नर्सिंग होमच्या आवारात कॅन्टीनच्या मागे उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा रोग विशेष होतो.

आणखी एक सूचना फक्त डॉक्टरांसाठी. इमर्जन्सी बॅग गाडीत ठेवून देण्याची सवय सोडावी. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा अंतर्भाग थोड्याच वेळात इतका तापतो की त्यातील इन्सुलिन आणि इंजेक्शने भरवशाची राहत नाहीत. जिच्या जोरावर आपण धावत जातो, ती बॅगच आजारी असते.

दोन नेमलेले दिवस

वर्षातून दोन तपासण्या मी पंचांगाला बांधून टाकल्या आहेत. पहिली मृगाच्या आधी, मे महिन्याच्या अखेरीस : वायपरचे रबर, टायर, ब्रेकचे पॅड, दिवे आणि दारांखालची पाणी निचरणारी छिद्रे. दुसरी खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात : चार महिन्यांच्या पावसानंतर गाडीचा तळ धुऊन घेणे, गंज पाहणे, बॅटरीच्या टोकांवरील पांढरट-हिरवट थर काढणे, एसीचा फिल्टर साफ करणे आणि वर्ष भरले असेल तर ऑइल बदलणे. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. पूजा त्यानंतर. आता हार घालताना माझे मन अधिक स्वस्थ असते.

घाट उतरताना मी आता उताराआधीच गियर खाली घेतो, ब्रेक थोडा वेळ दाबून सोडतो, सतत धरून ठेवत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवण्याचा मोह कोणी करू नये. प्रसंग आलाच तर इंजिन बंद करू नये, पेडल भराभर मारून पाहावे, गियर एकेक करून खाली आणावा आणि बटण दाबून ठेवून हँडब्रेक हळूहळू ओढावा.

ते ‘पुढच्या वेळी’ लिहिलेले बिल मी मिस्त्रींकडून मागून घेतले. गाडीच्या कागदपत्रांबरोबर ते अजून आहे. रक्तदाब १७० असलेला एखादा रुग्ण “त्रास काहीच नाही डॉक्टर, गोळी पुढच्या वेळी सुरू करू” असे म्हणतो, तेव्हा पूर्वी मी चिडत असे. आता चिडत नाही. खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि त्याला चोर्ला घाटातील गोष्ट सांगतो. बहुतेकजण गोळी घेऊन जातात.

आपणही या रविवारी बॉनेट उघडून पाहावे, एवढीच विनंती.