शिडाची नौका आणि दूरचे बंदर

ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो कोस दूर; तथापि या नगरीच्या राजघराण्याचे नाव भारतीय नौवहनाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. पहिल्या महायुद्धात महाराज माधवराव शिंदे यांनी रुग्णसेवेसाठी दिलेली 'लॉयल्टी' ही आगबोट पुढे वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतली आणि १९१९ साली स्थापलेल्या आपल्या कंपनीस 'सिंदिया' हे नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली.

पुढे नव्वद वर्षांनी, १९ ऑगस्ट २००९ रोजी, त्याच मुंबईतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेल्या त्या ५६ फूट लांबीच्या नौकेचे नाव 'म्हादेई'. वाटेत मुक्काम चार: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. यांपैकी फॉकलंड बेटांवरील स्टॅन्ली हे गाव सर्वांत लहान; वस्ती अवघी अडीच-तीन हजारांची. मग तेथेच का थांबावयाचे?

याचे उत्तर भूगोलात आहे. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांपलीकडे पश्चिमेच्या वाऱ्यांना अडविणारी भूमी जवळजवळ नाहीच. न्यूझीलंडहून निघालेली नौका हजारो मैल अशा वाऱ्यांत झुंजत केप हॉर्नला पोचते. तेथे समुद्र एकाएकी उथळ होतो आणि लाटा अधिकच उंचावतात. ते भूशिर ओलांडून ईशान्येस वळले, की वाटेवर येणारे आसऱ्याचे बंदर म्हणजे स्टॅन्ली. चिंचोळ्या मुखाआड लपलेली तेथील खाडी नौकेला शांत पाणी देते.

हा लौकिक जुना आहे. शिडांच्या युगात हॉर्नच्या वादळांनी जर्जर झालेली गलबते येथेच शिरत. कित्येक पुन्हा निघालीच नाहीत. १८८६ साली आलेले 'ग्रेट ब्रिटन' हे विख्यात जहाज अनेक वर्षे तेथे तरंगती वखार होऊन राहिले व १९७० साली इंग्लंडला परत नेण्यात आले. १९१४ साली पनामा कालवा खुला झाला आणि ही वर्दळ ओसरली.

अशा मुक्कामाला विश्रांती म्हणणे अपुरे ठरेल. फाटलेली शिडे शिवणे, डोलकाठीचे ताण तपासणे, सुकाणूची यंत्रणा उघडून पाहणे, पाणी व शिधा भरणे, आणि अनुकूल हवेची वाट पाहणे, हेच तेथील काम. जानेवारी २०१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांची 'तारिणी' लिटलटनहून सुमारे चाळीस दिवसांनी स्टॅन्लीला पोचली. पुढे हिंदी महासागरात तिचे सुकाणू बिघडले, तेव्हा ठरल्या वेळापत्रकाबाहेर मॉरिशस गाठावे लागले. भर समुद्रात जो बिघाड प्राणावर बेततो, तोच धक्क्याला लागल्यावर दुरुस्तीचे काम होऊन जातो.

अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई'तूनच एकही बंदर न घेता प्रदक्षिणा पूर्ण केली. तो पराक्रम अपूर्वच. परंतु दोंदे यांनी बंदरे घेत घेत आधी वाट तपासली होती, म्हणूनच पुढच्याला न थांबण्याचे धाडस करता आले.