अॅक्सेसमधील फाइंड अनमॅच्ड क्वेरी विझार्ड

मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये ‘क्रिएट’ टॅबवरील ‘क्वेरी विझार्ड’वर क्लिक केल्यावर चार पर्याय दिसतात: सिंपल, क्रॉसटॅब, फाइंड डुप्लिकेट्स आणि फाइंड अनमॅच्ड. पहिले तीन तुम्हाला थोड्या सरावाने जमतील. या पाठात आपण चौथा पाहू. एका टेबलात आहे पण दुसऱ्यात नाही, अशा नोंदी तो शोधून देतो.

समजा, ‘विद्यार्थी’ टेबलात रोल नंबर आणि नाव आहे. ‘सबमिशन’ टेबलात रोल नंबर, प्रयोग क्रमांक व तारीख आहे. जमा केलेल्या प्रत्येक प्रयोगाची एक नोंद. टर्मवर्कचे गुण भरण्यापूर्वी, एकही प्रयोग जमा न केलेल्यांची यादी हवी आहे.

विझार्ड आधी विचारतो, कोणत्या टेबलातील नोंदी हव्या आहेत? ‘विद्यार्थी’ निवडा. मग संबंधित टेबल म्हणून ‘सबमिशन’ निवडा. हा क्रम उलटला तर उत्तरही बदलते: विद्यार्थ्यांच्या यादीतच नसलेल्या रोल नंबरांची सबमिशन दिसू लागतात. (चुकीचे टाइप झालेले रोल नंबर पकडायला हेही उपयोगी आहे.) पुढच्या पानावर दोन्हीकडचा रोल नंबर निवडून मधले बटण दाबा, दाखवायची फील्ड्स निवडा आणि ‘फिनिश’ करा.

यादी मिळाली तरी इथे थांबू नका. क्वेरी एसक्यूएल व्ह्यूमध्ये उघडा. तिथे दोन गोष्टी दिसतील. लेफ्ट जॉइन प्रत्येक विद्यार्थ्याला ठेवतो. ज्याचे सबमिशन नाही, त्याच्यापुढे सबमिशनची सगळी फील्ड्स नल राहतात. ‘इज नल’ ही अट फक्त तेवढ्याच ओळी निवडते.

हे समजले नाही तर पुढची अडचण सुटत नाही. आता प्रयोग ३ न दिलेले विद्यार्थी हवे आहेत. बहुतेक जण याच क्वेरीत प्रयोग क्रमांकाखाली, त्याच क्रायटेरिया ओळीत, ३ लिहितात. यादी रिकामी येते, कोणतीही एरर येत नाही, आणि सर्वांनी प्रयोग दिला असा समज होतो. खरे कारण वेगळे आहे. रोल नंबर नल असलेल्या ओळीत प्रयोग क्रमांकही नलच असतो, तो ३ कसा असेल? दोन्ही अटी एकाच ओळीला कधीच लागू पडत नाहीत.

म्हणून आधी ‘सबमिशन’मधून फक्त प्रयोग ३ च्या नोंदी देणारी साधी क्वेरी तयार करून सेव्ह करा. मग विझार्ड पुन्हा चालवा आणि दुसऱ्या पानावर ‘टेबल्स’ऐवजी ‘क्वेरीज’ निवडून ती द्या. गाळणी जॉइनच्या आधी लागते, त्यामुळे यादी बरोबर येते.

लिब्रेऑफिस बेस वापरणाऱ्यांना असा वेगळा विझार्ड मिळणार नाही. तिथे हाच लेफ्ट जॉइन स्वतः लिहावा लागतो, आणि माझ्या मते परीक्षेच्या दृष्टीने ते बरेच आहे.

आणखी एक मर्यादा. विझार्ड फील्डची एकच जोडी जुळवतो. अ आणि ब तुकडीत रोल नंबर पुन्हा १ पासून सुरू होत असतील, तर अ मधील १२ नंबरने दिलेल्या प्रयोगामुळे ब मधील १२ नंबर यादीतून सुटतो. दोन्ही टेबलांत तुकडीचे फील्ड ठेवा, डिझाइन व्ह्यूमध्ये त्यांच्यात दुसरी जॉइन रेषा ओढा, आणि रेषेवर डबल-क्लिक करून दोन्ही बाण ‘विद्यार्थी’कडून ‘सबमिशन’कडे जाणारे ठेवा.