पंखा कोणता लावावा?

पंखा म्हटला की माझ्यासारख्या मास्तराला वर्गाच्या छतावर घरघरणारा आणि शेवटच्या बाकावरील मुलांना झोप आणणारा पंखाच आठवतो. पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याशी पंचेचाळिशीत माझा संबंध येईल, आणि त्यावरून बहीण व भाचा यांच्यात निवाडा करण्याची पाळी माझ्यावर येईल, असे कुणी म्हटले असते तर मी हसलो असतो.

झाले असे. भाच्याने दोन मित्रांबरोबर भागीत एक जुनी लाकडी यॉट घेतली. तीस फूट लांब, दोन शिडांची, पोटात लहानसे डिझेल इंजिन. मुंबई बंदरात ती नांगरलेली असते. रविवारी शर्यत, आणि थंडीत आईला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुड-जयगडपर्यंत सफर, असा चिरंजीवांचा बेत. सफरी झाल्या, शर्यतीत मात्र नंबर ठरलेला, खालून पहिला.

त्याचे खापर भाच्याने पंख्यावर फोडले. पंखा तीन पात्यांचा, पक्का. इंजिनावर चालताना तो उत्तम. पण शिडे उभारून इंजिन बंद केले की तीच तीन पाती पाण्याला आडवी येतात. कमरेला बादली बांधून पोहावे तसा प्रकार. अशा नौकेची चाल पाच-सहा नॉट. त्यातला अर्धा नॉट पंखा सहज खातो. तीन तासांच्या शर्यतीत दीड सागरी मैल झाले की! म्हणून त्याला मिटणारा पंखा हवा होता. याची पाती शिडावर असताना कळीसारखी मागे मिटतात आणि इंजिन सुरू झाले की फिरण्याच्या जोराने उघडतात.

ताईचा याला साफ विरोध. गेल्या जानेवारीत मांडव्याहून परतताना वारा पडला म्हणून इंजिन लावले होते. ताई खाली चहा गाळत होती. नांगरलेल्या जहाजाआडून एकाएकी एक भरलेला बार्ज पुढे आला. भाच्याने पूर्ण रिव्हर्स टाकला आणि दोन नौकांएवढे अंतर राखून यॉट थांबली. चहा सगळा फळीवर सांडला. मिटणाऱ्या पंख्याचा रिव्हर्स दुबळा असतो हे तिने कुठूनसे ऐकले होते, आणि ते खरेही आहे. उलटे फिरताना पाण्याचा दाब पाती मिटवू पाहतो. "ज्या पंख्याने माझा मुलगा परत आणला तो काढायचा नाही," एवढेच ती म्हणे. यावर व्याकरणाच्या मास्तराने काय बोलावे?

मी दोघांना वसईला बोलावले आणि श्रावणातल्या एका उघडिपीत पाचूबंदरला घेऊन गेलो. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे एरवी पाण्यात लपलेले पंखे तेव्हा डोळ्यांना दिसतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील तिथले तांडेल. वय सत्तरीपुढे, पण नजर घारीची.

"पंखा मोठा लावला का मशीन रडते, काळा धूर ओकते," ते म्हणाले. "लहान लावला का नुसते पाणी घुसळते." पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पीच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती इंच पुढे जाईल तो हिशेब. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने प्रत्यक्षात तो तितका जात नाही. दोन्ही आकडे इंजिन, गिअर आणि नौकेचे वजन पाहून ठरतात. शेजाऱ्याचा पाहून नव्हे.

मग त्यांनी भाच्याच्या मोबाइलवरचा यॉटच्या तळाचा फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसले. "अरे, हा मिटणार कुठे? मागे सुकाणू आहे."

भाचा गप्पच झाला. त्याच्या नौकेचा कणा लांब, थेट सुकाणूपर्यंत गेलेला; पंखा कणा आणि सुकाणू यांच्यामधल्या खिडकीत बसलेला. मागे मिटणाऱ्या पात्यांना तिथे जागाच नव्हती. आखूड कण्याच्या नव्या यॉटवर हे दुखणे नसते.

दुसरी एक जात आहे. तिची पाती मागे मिटत नाहीत, जागच्या जागी वळून पाण्याला धार दाखवतात. रिव्हर्सही दमदार. खिडकीत बसेल असा मिळतो, पण किंमत ऐकून तिघा भागीदारांनी एकमेकांकडे पाहिले होते. शिवाय पुष्कळ शर्यतींत पक्क्या पंख्याला वेळेची सवलत मिळते. पंखा बदलला की तीही जाते. मला तर ही सवलत म्हणजे नापासांचे ग्रेस मार्कच वाटले.

हे भांडण काही आमच्याच घरचे नाही. १८६० साली पाण्यात उतरलेल्या 'वॉरियर' या ब्रिटिश युद्धनौकेला वाफेचे इंजिनही होते आणि शिडेही. शिडांवर जायचे झाले की शेकडो खलाशी दोर ओढून तिचा प्रचंड पंखा पाण्याबाहेर उचलून घेत! भाच्याकडे खलाशी दोन, तेही भागीदार.

तोड तांडेलांनीच काढली. त्यांच्या वडिलांच्या होडीवर नवीन इंजिन आले तेव्हा शीडही होते. पंखा दोन पात्यांचा. शीड चढवले की पाती उभी करून ठेवायची, म्हणजे ती कण्याच्या आडोशाला जातात आणि पाण्याला दिसतच नाहीत. "पण पाण्याखालचे कळणार कसे?" ताईने विचारले. "शाफ्टावर खूण करायची, बाय."

दोन पात्यांचा पंखा इंजिनावर थोडा अधिक थरथरतो आणि रिव्हर्सला तीन पात्यांइतका जोर देत नाही. हे तांडेलांनी ताईला लपवले नाही. म्हणून तिने अट घातली: आधी थांबवून दाखवा.

सप्टेंबरात ब्राँझचा पंखा बसला. मोकळ्या पाण्यात, इंजिनावर पाच नॉटला असताना, ताईने हात खाली करताच भाच्याने रिव्हर्स टाकला. मी बोटांवर सेकंद मोजत होतो. यॉट थांबली, पूर्वीपेक्षा नौकेच्या अर्ध्या लांबीने पुढे. ताईने बराच वेळ पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मग तेवढे आधी थांबायचे. बंदरात हळू चालायचे." भाच्याने मान डोलावली.

खूण करायला रंग कुणीच आणला नव्हता. ताईने पर्समधून नखांना लावायची लाल बाटली काढली. भाच्याने इंजिनावरची फळी उचलली, आणि पाती उभी असताना शाफ्टाचा जो भाग वर येतो तिथे तिने स्वतः वाकून दोन बोटांची रेघ ओढली. आता शिडे चढली की कुणीतरी खाली उतरून हाताने शाफ्ट फिरवतो, रेघ वर आली की गिअर टाकून तो जखडतो.

पहिल्या रविवारी नंबर आला खालून तिसरा.